बिशाराला प्रश्न कोणी विचारायचे

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाहचे नाव घेऊन.

मी बदवी सलामा शलबी, वय अठ्ठ्याहत्तर, धंद्याने पिंजारी व गादीवाला (धंदा बंद, हात अजून चालू), राहणार मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, छाती तेवढी नाही. येत्या बुधवारी ती उघडून आतली झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "हाजी, काळजीचं काही नाही," आणि असे म्हणताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघतात. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलायला या घरात माझ्याखेरीज कोणी नाहीच. शाळा मी अर्ध्यात सोडली आणि अक्षरे सिनेमाच्या पाट्यांवरून शिकलो, तेव्हा कायद्याची भाषा कुठे घसरली तर वाचणाऱ्याने तिला हात देऊन उठवावे.

कलम पहिले, देहाबद्दल.

मला अमूदच्या कब्रस्तानात माझी बायको नईमा हिच्या शेजारी ठेवावे. रस्त्यात मंडप घालून कर्णा लावू नये. रहदारी अडते आणि मेलेल्याला शिव्या बसतात. आंघोळ घालणाऱ्याने तोंडातली कवळी आधी काढावी. ती वरच्या मजल्यावरच्या बिशारा तादरसने केलेली आहे. कवळ्या करणे हाच त्याचा धंदा होता, आणि या गल्लीतले अर्धे म्हातारे बिशाराच्या दातांनी हसतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असे म्हणतात. माझे ओठ तेवढे माझे. कवळी धुऊन बिशाराची मुलगी इरीनी हिच्याकडे द्यावी. तिला ठेवावीशी वाटली तर ठेवील, फेकावीशी वाटली तर फेकील. फेकायचा हक्क त्या घराचा.

कलम दुसरे, मुलाबद्दल.

कायद्याप्रमाणे माझ्या चीजवस्तूच्या तीन वाट्यांपैकी एकाच वाट्याबद्दल मला तोंड उघडता येते. बाकीचे दोन वाटे कोणाचे हे आधीच ठरलेले आहे, त्यात माझी लुडबुड नको. ते माझा एकुलता मुलगा वाईल, मुक्काम मिलान, इटली, याचे. राहते घर, पोस्टातली शिल्लक आणि नईमाच्या बांगड्या त्याने घ्याव्यात. बांगड्या विकल्या तरी चालतील, पण विकण्याआधी एकदा हातात घेऊन वाजवाव्यात. लहानपणी तो त्या आवाजाने झोपत असे.

वाईल दर शुक्रवारी फोन करतो.

"बाबा, ठीक?"

"ठीक."

"औषधं?"

"घेतो."

मग मला त्याच्याकडची ट्राम ऐकू येते. "बरं बाबा, ठेवतो." मी याला तक्रार म्हणत नाही. गादी दोघांची असली तरी कूस ज्याची त्याने बदलायची असते. ऑपरेशनचे मी त्याला सांगितलेले नाही, ते त्याला यातूनच कळेल. बाळा, रागावू नकोस. तू आला असतास, नोकरी घालवून आला असतास, आणि माझ्या उशाशी बसून घड्याळ बघितले असतेस.

कलम तिसरे, हत्यारांबद्दल.

कापूस पिंजायची कमान, तिचा लाकडी ठोकळा आणि सगळी दाभणे तंता शहरातल्या मन्सूरला द्यावीत. माझ्या ओळखीत खरा कापूस पिंजणारा आता तोच राहिला. बाकी सगळे स्पंज विकतात. पूर्वी या शहरात लग्न ठरले की मुलीच्या घरी गच्चीवर मला बोलवत. दिवसभर कापूस उडे, बायका गात, आणि संध्याकाळी नवरीची गादी तयार. ज्यांच्या गाद्या मी भरल्या त्यांच्या नातवंडांची लग्ने आता स्पंजावर होतात. होवोत. पाठ त्यांची आहे.

लग्नांचे दिवस नसत तेव्हा मी सिनेमाच्या थिएटरांतल्या खुर्च्या भरून देत असे. खुर्च्या दिवसाच दुरुस्त करायच्या आणि खेळही दिवसाच चालू. मग मी मागच्या रांगेत जमिनीवर बसून दाभण चालवायचो आणि वर पडद्यावर पाशा, त्याच्या सुना, नावाडी, दाया, सगळ्यांची भांडणे चालायची. एकच सिनेमा महिना महिना चाले. कान आपोआप भरत गेले. माझे शिक्षण ते एवढेच.

कलम चौथे, संगमरवरी टेबलाबद्दल.

माझ्या स्वयंपाकघरात एक गोल संगमरवरी टेबल आहे, लोखंडी पायांचे. कोपऱ्यावरचा चहाखाना मोडून तिथे मोबाईलचे दुकान झाले तेव्हा मी ते उचलून आणले. त्या टेबलाभोवती आम्ही काही जण जवळजवळ सारे आयुष्य बसलो. बाकीचे एकेक करून गेले, राहिलो तिघे: मी, बिशारा आणि रुश्दी दसूकी, जो बंदरावर जकातीत होता आणि अजूनही माणसाकडे पेटी उघडायला सांगितल्यासारखे बघतो.

आम्ही पत्ते खेळत नव्हतो. आम्ही जुने सिनेमे खेळत होतो. रमजानात टीव्हीवर कोडी घालतात, तशी आम्ही बारा महिने एकमेकांना घालायचो. नायक कोण, नायिका कोण, असले प्रश्न पोरासोरांचे. आमच्याकडे विचारायचे ते कडेकडेचे: दार कोणी उघडले, तबकात काय होते, नोकर जाताना काय पुटपुटला. आणि आमच्या टेबलाचा एक कायदा होता, जो मी दुसऱ्या कुठल्या चहाखान्यात पाहिला नाही. उत्तर त्या पात्राच्या तोंडूनच द्यायचे. "दाईने पाडलं" असे म्हटले तर उत्तर बाद. "मी पाडलं," असेच म्हणायचे, आणि तेही दाईच्या आवाजात.

"बिशारा," मी विचारायचो, "'पाशाची धाकटी सून' मध्ये दिवाणखान्यातलं घड्याळ कोणी बंद पाडलं?"

बिशारा चहाचा पेला खाली ठेवायचा, खांदे पाडायचा, आणि त्या धिप्पाड माणसाच्या गळ्यातून म्हातारी दाई बोलायची, "मी पाडलं गं बाई. या घरात आता वेळ बघून करायचंय तरी काय?"

चहावाला हातातले तबक घेऊन तसाच उभा राहायचा.

टेबल इरीनीला द्यावे. वर चढवताना पाय वेगळे काढावेत, नाहीतर जिन्यात अडकेल.

कलम पाचवे, रुश्दी दसूकीबद्दल, पहिला भाग.

वर सांगितलेल्या सिनेमातच शेवटी सुनेच्या खोलीतला दिवा कोणीतरी विझवते. पडद्यावर फक्त हात दिसतो. मी म्हणालो, "मी विझवला," आणि ते सासूच्या आवाजात म्हणालो. रुश्दी उसळला.

"सासू? सासूच्या हातात काचेची बांगडी असते का रे? मोलकरणीचा हात आहे तो!"

"सासूने सोनं उतरवून काच घातलीय तेव्हा. नवरा मेलाय तिचा."

"बदव्या, तू सिनेमा बघत होतास की खुर्चीखाली झोपला होतास?"

"जकातवाल्या, तुला बांगडीच दिसणार. आयुष्यभर लोकांच्या बायकांच्या बांगड्याच मोजल्यास ना!"

तेव्हा तो उठला आणि भरल्या चहाखान्यात म्हणाला, "याच्या गादीत कापूस कमी का निघतो माहितेय? उरलेला सगळा याच्या डोक्यात आहे."

सगळे हसले. बिशारा नाही हसला. मी पेला उपडा घातला आणि त्या दिवसापासून रुश्दीशी बोललो नाही. तोही बोलला नाही. नईमा गेली तेव्हा तो आला, हात मिळवला, "अल्लाह तुला धीर देवो," म्हणाला आणि गेला. त्याला मी बोलणे धरत नाही. तो सिनेमा पुन्हा कधी लागला नाही. रीळच जळाले म्हणतात. त्यामुळे निकाल लागायचा राहिला. पुढे रुश्दीचे नाव यात पुन्हा येणार आहे, म्हणून इथेच स्पष्ट करून ठेवतो की या मृत्युपत्रातला कुठलाही शब्द माझी माघार समजू नये. दिवा सासूनेच विझवला.

कलम सहावे, ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो.

बिशाराचे डोके दोन वर्षांपासून उसवत चालले आहे. आधी किल्ल्या हरवल्या, मग गल्ली, मग बायकोचे नाव. इरीनी त्याच्याकडे राहते. शाळेत शिकवते, दोन मुले, नवरा कुवेतला. एके दुपारी ती माझ्या दारात आली. हाताला पीठ, डोळे सुजलेले.

"बदवीकाका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार, पोरी."

"आईच्या आधी बाबांचं कोणी होतं का?"

"बिशाराचं? बाई माणसाकडे बघताना आधी दात मोजायचा तो. त्याचं कोण असणार?"

"मग झहरा कोण?"

मी ते नाव डोक्यात शोधू लागलो. तिला वाटले, मी लपवतो आहे.

"रोज दुपारी रडतात काका. म्हणतात, मी झहराला रशीद गावच्या धक्क्यावर नावेत बसवलं, नाव उलटली, आणि मी काठावर नुसता उभा राहिलो. मी आईची पेटी उपसली. चर्चमध्ये फादरना विचारून आले, जुन्या वह्यांत कुठे झहरा सापडते का. फादर म्हणाले, मुली, वडिलांची झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आता तुम्ही तरी खरं सांगा!"

मला हसू आले ते आवरले नाही. "अगं, झहरा सिनेमातली! 'रशीदची नाव'. तुझ्या आईने तो सिनेमा तीनदा बघितलाय, त्याच्याच शेजारी बसून."

ती मटकन पायरीवर बसली. हसली, मग रडली, मग माझ्यावरच रागावली. "मग ते 'मी', 'मी' का म्हणतात?"

आता हे तिला कसे सांगायचे? आम्ही आयुष्यभर 'मी'च म्हणत आलो. आमच्या टेबलाचा कायदाच तो. बाकीचे सगळे बिशाराच्या डोक्यातून गळून गेले. स्वतःची बायको गेली, धंदा गेला, आणि राहिली ती उत्तरे. उत्तरे सगळी 'मी'ची. प्रश्न विचारणारे कोणी नाही, मग ती उत्तरे एकटीच घरभर हिंडतात, आणि त्याला वाटते, आपले आयुष्य ते हेच.

मी वर गेलो. हसू जिन्यातच संपले होते. बिशारा पलंगावर बसून खरी आसवे गाळत होता. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेऊन तो दिवसभर पडून राही, जेवत नसे. कॅनडातला मुलगा म्हणत होता, नन्सच्या आश्रमात ठेव. मी शेजारी बसलो आणि टेबलावर विचारायचो तसे विचारले.

"बिशारा. तू काठावर उभा होतास. कंदील घेऊन कोण आलं?"

तो थांबला. नाक पुसले. "कोळी."

"कुठला कोळी?"

"एका डोळ्याचा." आणि आवाज बदलून, "'एवढं ओरडू नकोस पोरा, मासे पळतात!'"

"मग?"

"मग मला त्याच्या झोपडीत नेलं." त्याचा चेहरा सुटत गेला. "ती चुलीपाशी बसलेली. त्याच्या बायकोचा झगा घातलाय. मोठा होतोय तिला."

"लग्न कुठे लागलं?"

"त्याच नावेत! आम्ही डांबर लावून दुरुस्त केली ना!" असे म्हणून बिशारा हसला, माझ्यासारखेच, त्यानेच केलेले दात दाखवत, आणि दाराकडे वळला. "पोरी, भूक लागलीय. काय केलंयस?"

त्यांच्या चर्चच्या उपासाचे दिवस होते, घरात तेलातले फूल, म्हणजे घेवड्यासारखे उकडलेले दाणे, होते. तो पोटभर जेवला. इरीनी दारात उभी राहून फडक्याने हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी चारनंतर वर जातो. गोळ्या बंद आहेत. आश्रमाचे नाव निघत नाही. पण मी बुधवारी जाणार, आणि मी परत आलो नाही तर बिशारा काठावर उभा राहील. त्याला तिथून पुढे न्यायला कोणीतरी हवे. माझ्या मागे काय होईल याची मला काळजी असेल तर ती एवढीच आहे.

कलम सातवे, एक वाटा.

ज्या एका वाट्यावर माझा अधिकार चालतो, तो म्हणजे माझे खालचे दुकान, मी इरीनी बिशारा तादरस हिला देतो. मशिदीतल्या इमामांना विचारून घेतले आहे. वारसा एका धर्मातून दुसऱ्यात जात नाही, पण राजीखुशीने दिलेले जाते. दुकान भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यात दुपारी बिशाराची उठबस करायला बाई ठेवावी. इरीनीने शाळा सोडू नये. वाईलने हरकत घेऊ नये. घेतली तर मी त्याच्या स्वप्नात येऊन कापूस पिंजीन.

कलम आठवे, प्रश्न कसे विचारायचे.

"आठवतं का?" असे कधीही विचारू नये. त्याने तो घाबरतो. "दार कोणी उघडलं?" असे विचारावे. दार असले की त्याला धीर येतो.

सिनेमा मध्येच सोडू नये. पाहुणे आले, वीज गेली, तरी लग्नापर्यंत किंवा सुटकेपर्यंत न्यावाच. एकदा मी खोकल्यामुळे अर्ध्यात उठलो तर त्याने रात्र तुरुंगात काढली.

ज्या सिनेमांचा शेवट वाईट आहे त्यांचे काय? याचा मी पुष्कळ विचार केला. त्यात शेवटाच्या आधी कोणीतरी दार ठोठावतेच. ते दार उघडले की दुसऱ्या सिनेमात शिरायचे. आपल्या जुन्या सिनेमांत सगळ्या घरांची दारे सारखीच, आणि माणसेही फिरून फिरून तीच. बिशारा कुरकुर करत नाही. मागच्या आठवड्यात मी एकाला फाशीच्या तख्तावरून थेट तंत्याच्या जत्रेत काढले.

सिनेमाच का लावून देत नाही, असे कोणी विचारील. इरीनीने लावला होता. बिशारा पडद्याकडे बघून म्हणाला, "ही माणसं माझ्या घरात काय करतायत?" आणि रात्रभर कोयंडा लावून बसला. प्रश्नोत्तरे कागदावर लिहून तिच्याकडे दिली, तर तो म्हणाला, "तू वाचतेयस." तिचा दोष नाही. बिशारा आडवाटेने निघाला की विचारणाऱ्यालाही त्याच्या मागे निघता आले पाहिजे, आणि ती वाट या शहरात आता फक्त दोघांना माहीत आहे. एक मी.

कलम नववे, रुश्दी दसूकीबद्दल, दुसरा भाग.

दुसरा तो.

तीन दिवस मी दुसरे कोणी सुचते का ते बघितले. सुचले नाही. मग खालच्या इस्त्रीवाल्या लमईबरोबर निरोप धाडला, की बदवीने बोलावले आहे, काम बिशाराचे आहे. लमई परत आला तो हसू दाबत.

"काय म्हणाला?"

"हाजी, जाऊ द्या ना."

"सांग."

"म्हणाले, त्या कापशाला सांग, दिवा कोणी विझवला ते आधी कबूल कर."

"आणि मग?"

"मग बूट घालायला लागले."

इथवर मी बुधवारी लिहिले होते. पुढचे कलम आज शनिवारी लिहितो. मधल्या गुरुवारी जे घडले त्यामुळे ते लिहावे लागते आहे.

कलम दहावे.

गुरुवारी कासिमचे वादळ, दर डिसेंबरात समुद्रावरून येते ते, शहरावर होते. समुद्र रस्त्यावर आला होता, आणि त्यातून रुश्दी मोडकी छत्री घेऊन आला. म्हातारा झाला आहे. मला वाटत होते, मी एकटाच होतो आहे.

"मेला नाहीस अजून?" दारातच म्हणाला.

"पुढच्या बुधवारपर्यंत सवड आहे. आत ये, गळतोयस."

"आत काय येऊ, जमिनीवर पाणी होईल. बिशारा कुठाय?"

जिन्यात मी त्याला सगळे सांगितले, दाराचे, मध्येच न सोडण्याचे. तो 'हं, हं' करत होता, जकातीत लोकांचे ऐकायचा तसा. वर बिशारा त्या दिवशी वादळामुळे फारच घायकुतीला आलेला. खिडकीशी उभा. "नाव उलटली, आणि मी नुसता उभा राहिलो, झहरा माझ्यासमोर गेली..."

रुश्दीला राहवले नाही. त्याला चूक ऐकवतच नाही, जन्माची खोड. "अरे शहाण्या, झहरा कुठली? तो सिनेमा होता! आपण सगळ्यांनी मिळून बघितला!"

बिशारा वळला. "सिनेमा?"

"सिनेमा. खरं काही नाही त्यातलं."

"म्हणजे ती..." बिशाराच्या ओठांची जुळवाजुळव होईना. "म्हणजे झहरा बुडाली नाही? ती नव्हतीच?"

झहरा बुडाल्यावर तो रडायचा. ती नव्हतीच, हे ऐकून तो रडलासुद्धा नाही. हळूच पलंगावर बसला आणि हात मांडीवर ठेवून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. इरीनीने माझ्याकडे बघितले. मी पुढे व्हायला निघालो.

पण रुश्दीने मला दंडाला धरून मागे सारले. भिजलेला कोट तसाच अंगावर. त्याने खोलीतली बत्ती हातात घेतली, एक डोळा मिटला, पाठीत वाकला, आणि असा आवाज काढला की माझ्याच अंगावर काटा आला.

"एवढं ओरडू नकोस पोरा, मासे पळतात!"

बिशाराने मान वर केली.

"काय बघतोस? मुलगी माझ्या घरी आहे. थंडीने दात वाजतायत तिचे. माझ्या म्हातारीने झगा दिलाय, पण झग्यात अशा दोन मुली मावतील. चल लवकर, नाहीतर म्हातारी तिला सून करून घेईल."

मी इतके दिवस फक्त प्रश्न विचारत होतो. रुश्दी त्याच्याबरोबर चालला. झोपडीत गेला, चुलीत फुंकर घातली, नावेला डांबर लावले, लग्नात नाचला. जकातवाला, गुडघे गेलेला, ओल्या मोज्यांत नाचला. इरीनीची मुले दारात येऊन टाळ्या वाजवू लागली. मला हे लिहायला जड जाते, पण लिहितो: तो माझ्यापेक्षा चांगला आहे.

नाच संपल्यावर बिशाराने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बदव्या," तो म्हणाला. "बदव्या, तू आलास. रोज येतोस रे तू. तू नसतास तर माझं काय झालं असतं?"

रुश्दीने "अरे मी..." म्हणून तोंड उघडले. मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग बिशाराचे लक्ष माझ्याकडे गेले. त्याने मला नीट बघितले, पाहुण्याला बघतात तसे, आणि इरीनीला म्हणाला, "हे गृहस्थ कोण? कधीचे उभे आहेत. चहा तरी दे."

इरीनी रडणार असे दिसले, म्हणून मीच घाईने बोललो, "मी गादीवाला. गादी बघायला आलोय."

"गादीला काही झालं नाही," बिशारा अदबीने म्हणाला. "चांगल्या माणसाने भरलीय ती. पण आलाच आहात तर बसा."

मी बसलो. चहा घेतला.

जिन्यात रुश्दी भांडायला उठला. "उद्या मी त्याला सांगणार. मी रुश्दी आहे, आणि तू हा इथे जिवंत उभा आहेस, गाढवा!"

"काही सांगायचं नाही."

"तुला काही वाटत नाही?"

"घरी जा रुश्दी. मोजे बदल. उद्या चारला ये."

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साखर किती घेतोस तू चहात? तो विचारील." मी सांगितले. तो गेला. काल आला. आजही वर त्याचा आवाज ऐकू येतो आहे, आणि मी खाली हे लिहितो आहे.

सबब, रुश्दी दसूकी यास मी एकही वस्तू देत नाही. दिली तर तो परत पाठवील. त्यास मी माझे नाव देतो, फक्त त्या एका खोलीपुरते. खोलीबाहेर त्याने ते वापरू नये. बिशाराने "बदव्या" अशी हाक मारली की त्याने "हां" म्हणावे, आणि हाकेला उशीर लावू नये, मी कधी लावला नाही. मी गेल्याची बातमी त्या खोलीत नेऊ नये. तिथे माझे सुतक कोणी धरू नये, कारण तिथे बदवी रोज चारनंतर येतोच आहे.

आणि अल्लाहच्या मनात असेल, व मी बुधवारच्या टेबलावरून परत उठलो, तरी हे कलम रद्द समजू नये. दिलेले नाव परत मागता येत नाही. मी गादीवाला म्हणूनच वर जाईन. तो बसा म्हणाला, तर बसेन.

वरील सर्व मी वाचून पाहिले, माझ्या मनासारखे उतरले आहे, खाडाखोड दोन ठिकाणी आहे ती माझीच. इरीनी व रुश्दी या दोघांना यात काहीतरी मिळत असल्यामुळे त्यांना साक्षीला घेतलेले नाही.

ठिकाण: मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया
तारीख: शनिवार, ७ डिसेंबर २०१३, कासिमचे वादळ ओसरताना

सही: बदवी सलामा शलबी

आमच्या समोर, शुद्धीवर असताना व स्वतःच्या हाताने सही केली. सही करण्याआधी वरच्या मजल्यावरून आलेली हाक ऐकून ते एकदा खुर्चीतून अर्धे उठले होते, मग बसले.

साक्षीदार १: लमई अय्याद हन्ना, इस्त्रीवाला, तळमजला
साक्षीदार २: डॉ. तहसीन राग़िब, औषधांचे दुकान, त्याच गल्लीत